कानाला खडा : अहो, कॅसेट अडकली का?

गेल्या अंकात मी तुम्हाला गृहपाठ दिला होता. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडचा १९९४ सालचा 'मिनिमल नेशन' हा टेक्नो अल्बम, म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं ठोक्याचं नाचाचं संगीत, एकदा सलग ऐका आणि काय वाटलं ते कळवा, शिव्यासुद्धा चालतील, असं लिहिलं होतं. ते शेवटचे दोन शब्द संपादकांनी कापायला हवे होते. असो. जमेल तेवढ्यांना उत्तर देतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी गवई नाही आणि समीक्षकही नाही. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. अ‍ॅम्प्लिफायर, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरे दुरुस्त करतो. माझे कान सोल्डरच्या धुरात तयार झालेत, त्यांची पात्रता तेवढीच.

"वीस मिनिटं ऐकलं. काहीच घडलं नाही. ठोका चालू, त्यावर तीन-चार सुरांचा तुकडा चालू. उठून चहा करून आलो, तरी तेच. अहो, कॅसेट अडकली का? याला संगीत म्हणायचं तर आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याला पद्मश्री द्या."
— सेवानिवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली

साहेब, तुम्ही वीस मिनिटांत ओळखलंत की हे मुद्दाम केलेलं आहे. मला तासभर लागला होता.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात शिकणारा एक मुलगा सुट्टीत घरचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. आवाज मध्येच जातो म्हणाला. तपासायला म्हणून स्वतःची एक कॅसेट डेकमध्ये घालून तो बाहेर गेला. मी आवाज वाढवला तर धप्, धप्, धप्, धप्. आमच्या धंद्यात या दुखण्याला मोटरबोटिंग म्हणतात. पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर सुकला की अ‍ॅम्प्लिफायर असाच नावेच्या इंजिनासारखा फटफटायला लागतो. म्हटलं, सापडला रोग. दोन कपॅसिटर बदलले. तरी धप्, धप्. ग्राउंड तपासलं, ट्रान्सफॉर्मरला संशयानं हात लावून पाहिला. मुलगा परत आला, दारातच मान हलवायला लागला आणि म्हणाला, "काका, ते गाणं आहे." त्या दोन कपॅसिटरचे पैसे मी घेतले नाहीत.

पण तो तास फुकट गेला नाही. दोष शोधायचा म्हणून मी ते इतकं कान देऊन ऐकलं, जितकं कुठलंच गाणं त्याआधी ऐकलं नव्हतं. आणि लक्षात आलं की दोष असता तर तो असा हलला नसता. झांजेसारखा 'त्स' वाजत होता, तो हळूहळू लांबत गेला, मग पुन्हा आखूड झाला. तो सुरांचा तुकडा आधी घोंगडीखालून आल्यासारखा वाटत होता, मिनिटभरानं घोंगडी काढल्यासारखा. सूर तेच. कोणीतरी एक खुंटी अगदी सावकाश फिरवत होतं.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. ऐकलंत कशावर? पत्राच्या खाली लिहिलंयत, 'मोबाइलवर, टेबलावर ठेवून.' मग अर्धा अल्बम तुमच्या घरी आलाच नाही. या संगीतातल्या मुख्य ठोक्याचा जीव साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या विजेच्या घरघरीच्या शेजारी. मोबाइलचा नखाएवढा स्पीकर दोनतीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. तुम्हाला धप् ऐकू आलंच नाही, टिक् ऐकू आलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक खरवडून काढली आणि मग म्हणालात, यात दम नाही. जुना लाकडी खोक्याचा स्पीकर असेल तर काढा, नाहीतर बरे हेडफोन घ्या. एकदाच, एकच तुकडा. आणि सगळं ऐकू नका, फक्त ती झांज धरा. तीन मिनिटं दुसरं काही नाही. त्यानंतरही गिरणीवालाच आठवला तर मी पद्मश्रीच्या अर्जावर सही करीन.

आणि हो, अल्बमच्या शेवटाशेवटाला मीही कंटाळतो. खोटं कशाला बोलू?

"आमच्या शेडमध्ये चोवीस माग आहेत. हा अल्बम आम्ही दिवसाचे बारा तास फुकट ऐकतो. तुमच्या अमेरिकन माणसानं यात नवीन काय केलं?"
— यंत्रमागधारक, विटा

तुमचं पत्र मला सगळ्यांत आवडलं, कारण आलेल्या पत्रांत खरा कान तुमचा आहे.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. फोर्डनं १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायची पद्धत तिथेच, हायलंड पार्कच्या कारखान्यात, सुरू केली. माणूस जागेवर उभा, गाडी पुढे सरकणार, एकच बोल्ट दिवसभर पिळायचा. १९५० मध्ये त्या शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. १९९० पर्यंत ती दहा लाखांच्या जरा वर उरली. कारखाने बंद झाले, काही दुसरीकडे गेले. टेक्नो उभं राहिलं ते ऐंशीच्या दशकात, त्या रिकाम्या होत चाललेल्या शहरातल्या आणि आसपासच्या कृष्णवर्णीय पोरांच्या हातून. तोपर्यंत जुनी ड्रम मशीन, म्हणजे ढोलाचे ठोके वाजवणारी यंत्रं, स्वस्तात मिळायला लागली होती. म्हणजे यंत्राचा ठोका त्यांनी कुठून उसना आणला असं नाही, तो वाडवडिलांच्या पाळीचा होता. नव्वदच्या सुरुवातीला हेच संगीत युरोपात अधिकाधिक वेगवान आणि कर्कश व्हायला लागलं, तेव्हा हूडनं उलटी वाट धरली. काय काय काढून टाकता येईल ते बघत गेला आणि जे काढल्यावर सगळं कोसळेल तेवढंच ठेवलं. मिनिमल म्हणजे हेच.

नवीन काय, विचारता. तुम्हीच तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय, 'रात्री घरात झोपलेलो असतो, एका मागाचा धोटा अडकला तरी जाग येते.' चोवीस मागांच्या गोंगाटात एक गप्प झाला हे झोपेत कळणारा कान! हूडला नेमका असाच श्रोता हवा असणार. फरक इतकाच की तुमच्याकडे आवाज बंद पडला तर नुकसान होतं. तो मुद्दाम बंद पाडतो.

"काका, मी तबला शिकते, अकरावीत आहे. ड्रम मशीनला सोळा बटणं असतात असं वाचलं. म्हणजे तीनतालच ना? आमचे गुरुजी म्हणाले, हे नुसतं मेट्रोनोम आहे, लयीची टिकटिक करणारं यंत्र."
— एक विद्यार्थिनी, मिरज

बाळ, थोडं तुझं बरोबर आहे, थोडं गुरुजींचं.

रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे या संगीताचं लाडकं यंत्र. १९८३ ते ८५ एवढीच दोन-तीन वर्षं ते बनलं. त्याच्यावर सोळा बटणांची ओळ असते. पण ती बटणं म्हणजे सोळा मात्रा नव्हेत, चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग. मिनिटाला १३० ठोके धरले तर सगळी ओळ दोन सेकंदांच्या आत संपते. एवढ्यात तू फार तर एक तिहाई फेकशील.

आता गंमत बघ. टेक्नोत मोठा ठोका पडतो तो १, ५, ९ आणि १३ या बटणांवर. तीनतालात याच जागांवर काय आहे? सम, टाळी, काल, टाळी. विभागांची सुरुवात डिट्टो तीच! पण ठेका म्हणून बघ. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेला डग्गा गप्प होतो आणि चौदाव्याला परत येतो. त्या चार मात्रांच्या पोकळीमुळेच समेची ओढ लागते. यंत्राच्या ओळीत ही पोकळी नाही, नवव्या बटणावरही तेवढाच दणका. इथे गुरुजी बरोबर.

पण हे लोक पोकळी ठेवतात ती ओळीच्या आत नाही, ओळींच्या ओळी गेल्यावर. आठ-सोळा आवर्तनं मोठा ठोका काढूनच घेतात, वर नुसती झांज. मग तो परत येतो. नाचणाऱ्यांच्या माना तेव्हा वर होतात, बघ कधी. म्हणजे काल आहे, फार लांबवर ताणलेला. आणि गुरुजींना एक विचार, तुझ्या सोलोच्या मागे हार्मोनियमवर लेहरा अर्धा तास तोच वाजतो, त्याला कोणी मेट्रोनोम म्हणतं का? (माझं नाव सांगू नकोस. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडेच दुरुस्तीला आहे.)

"एकच स्वर, एकच आवर्तन, संथ विस्तार, हे सगळं आपल्या किराणा घराण्याचं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे. परदेशी लोकांनी ते उचललं आणि आता आपल्यालाच शिकवताय. यावर आपण प्रकाश टाकावा."
— एक अभिमानी मिरजकर

मीही मिरजकरच आहे आणि दर्ग्याच्या उरुसातल्या संगीतसभेला माइक लावण्यापासून ते पहाटेपर्यंत डुलक्या खात ऐकण्यापर्यंत सगळं केलंय. त्यामुळे माझ्यावर मिरजद्रोहाचा आरोप करू नका.

नातं आहे, पण तुम्ही म्हणता त्या घरात नाही. किराण्याचेच अब्दुल वाहिद खाँ, त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली असे तिकडचे मिनिमलिस्ट संगीतकार त्यांच्याकडे शिकले. इथवर ठीक. पण रायलीची आवर्तनांवर आवर्तनं रचणारी गाजलेली रचना १९६४ ची आहे, गुरू भेटायच्या सहा वर्षं आधीची. पुनरावृत्तीची गोडी त्याला आधीच लागलेली होती, तंबोऱ्यापुढे तो नंतर बसला. आणि ही मंडळी होती मैफलीच्या दालनातली. डेट्रॉइटच्या पोरांचं घराणं वेगळं, त्यात फंक म्हणजे कृष्णवर्णीयांचं ठेकेदार नाचाचं संगीत आहे, जर्मनीचे सिंथेसायझर आहेत, रात्रीचा रेडिओ आहे. दोन्हीकडे 'मिनिमल' शब्द आला म्हणून सोयरीक जुळवू नका.

अभिमानच हवा असेल तर मुंबईचे चरणजित सिंग घ्या. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्याच यंत्रांवर दहा रागांची तबकडी केली. आज ऐकणारे चाट पडतात, इतकी ती पुढच्या काळातल्या नाचाच्या संगीतासारखी वाटते. पण ती तेव्हा फारशी कोणी घेतली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावरच जगाच्या कानावर पडली. उचलायला आधी ऐकावं लागतं ना!

मला यात मिरजेचं एकच दिसतं, आणि ते घराण्याचं नाही, कारागिराचं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. केसभर इकडे-तिकडे झाला तरी तार एकतर ठक्क वाजते नाहीतर उमलते. सूर तोच असतो. गल्लीतले म्हातारे कारागीर तासन् तास तेवढंच करत बसतात. हूड खुंटी फिरवून जे करतो ते मला त्या दोऱ्यासारखं ऐकू येतं. याला तुम्ही नातं म्हणा, मी शेजार म्हणेन.

"मुलगा अभ्यास करताना हेच लावतो. डोकं बिघडेल का?"
— एक आई, तासगाव

वहिनी, नाही बिघडणार. आवाज बारीक ठेवायला सांगा. मार्क कमी पडले तर दोष टेक्नोला देऊ नका, त्याच्या मोबाइलमध्ये आणखी पुष्कळ काही आहे.

"आम्ही भजनी मंडळवाले. आम्हीही तासभर एकच नाम घेतो. मग आमच्यात आणि यांच्यात फरक काय?"
— पलूस

लयीचा. भजन चढतं. तुम्ही संथ धरता आणि शेवटी टाळकरी घामाघूम होऊन उड्या मारत असतात. हे संगीत पहिल्या ठोक्याला ज्या चालीत असतं त्याच चालीत संपतं, चढायचं काम ऐकणाऱ्यावर टाकतं. शिवाय नाम कोणाचं तरी असतं, इथे कोणाचंच नाव घेतलेलं नाही. बाकी तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो, रॉबर्ट हूड पुढे रीतसर दीक्षा घेतलेला धर्मोपदेशक झाला, आणि मुलीला जोडीला घेऊन अजून नाचाचं संगीत करतो.

"तुम्ही सगळे खुर्चीत बसून ऐकताय तिथेच चुकलंय. हे नाचायचं संगीत आहे. गणपतीत डॉल्बीवर लावून बघा!"
— एक तरुण इंजिनिअर, सांगली

पहिलं वाक्य मान्य. या तबकड्या डीजेच्या हातात पडण्यासाठीच असतात. दोन तबकड्या एकमेकींवर चढवायच्या, म्हणून प्रत्येकीत जागा मोकळी ठेवलेली असते. एकटी ऐकली की ती मोकळी जागाच आधी जाणवते, विश्रामबागच्या साहेबांना जाणवली तशी. नुसती आमटी वाढली आणि भात दिलाच नाही, असं.

दुसऱ्या वाक्यावर हात जोडतो. आपल्याकडे ज्याला डॉल्बी म्हणतात त्याचा त्या नावाच्या कंपनीशी काही संबंध नाही हे एक. दुसरं, त्या भिंतींचे जळालेले अ‍ॅम्प्लिफायर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात येतात. लावणारे सगळ्या पट्ट्या वर ढकलतात, मग झांज आणि ठोका एकमेकांत चिकटून त्याचा गोळा होतो. मिनिमल त्यात आधी मरेल. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर तर, सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर, उघड्यावर ध्वनिक्षेपक बंदच. तुझ्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर हे आकडे विनोदी वाटतात. त्यापेक्षा चार मित्र, दोन चांगले स्पीकर, एक बंद खोली. मग नाच. मी दारात उभा राहून मान हलवीन, गुडघे तेवढंच परवानगी देतात.

"घरी जुना कीबोर्ड आहे, मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या वाजत नाहीत. दुरुस्त होईल का?"
— कवठेमहांकाळ

होईल. पट्ट्यांखालच्या रबराची कार्बन झिजली असेल. पण गणपती होऊ द्या, सध्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तोवर उरलेल्या पट्ट्यांवर भागवा.