शोरूमसाठी केळीचं रान विकू नका

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. मुलगा बारावी सायन्स, ५१ टक्के. गाड्यांचा नाद आहे, म्हणून आयटीआयला जातो म्हणतो. आमच्या घराण्यात कोणी मेकॅनिक झालं नाही. त्यापेक्षा दोन एकर विकून फैजपूरला इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम टाकून द्यावी, असं वाटतं. पुढे सगळं इलेक्ट्रिकच होणार, मग गॅरेजचं काम शिकून उपयोग काय? – एक पालक

उत्तर : नाना, पत्रात घराणं आहे, एकर आहेत, टक्के आहेत. पोराला गाडीतलं नेमकं काय आवडतं, ते कुठेच नाही. ‘नाद’ हा एकच शब्द. नाद पत्त्यांचा असतो. ज्याला बॉनेटखाली डोकं घालायचंय त्याला तुम्ही काउंटरमागे बसवताय, तेही उद्या त्याच्याच वाटणीला येणारं रान विकून. धंदा बसला तर ‘तुझ्यापायी जमीन गेली’ हे जन्मभर कोण ऐकणार? त्याच्या ५१ टक्क्यांपेक्षा मला याचीच काळजी जास्त वाटते.

शोरूमचा हिशेब काचेतून दिसतो तसा नसतो. समजा, एक लाखाची स्कूटर १२ टक्के व्याजाने उचलली. ती उभी राहिली की महिन्याला हजार रुपये खाते. वीस उभ्या असतील तर वीस हजार, भाडं आणि पगार वेगळे. जून २०२३ मध्ये केंद्राच्या सबसिडीची कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली आणि स्कूटरच्या किमती एकदम चढल्या. त्यात डीलरच्या हातात काही नव्हतं. शेवरले गाड्यांची इथली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा मोठमोठ्या शोरूमवाल्यांनाही पाट्या उतरवाव्या लागल्या. नव्या गाडीवर सुटतं थोडंच. डीलर तगतो तो सर्व्हिस, स्पेअर, डेंटिंग-पेंटिंग आणि इन्शुरन्सवर. म्हणजे मुलगा ज्या दारातून आत जाऊ म्हणतोय, कमाईचं दार तेच आहे.

आता ‘इलेक्ट्रिक आली, गॅरेज संपलं’ हा गैरसमज. कारचंच बघा. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण वेग कमी करताना मोटरच गाडी आवरते. पण ब्रेक ऑइल ओल धरतं, ते बदलावंच लागतं. कूलंट, एसी, सस्पेन्शनचे बुश, १२ व्होल्टची छोटी बॅटरी हे सगळं आहेच. गाडी जड, त्यामुळे टायर लवकर झिजतात. नुसतं ऑइल बदलणाऱ्या पोराचं काम जाणार, हे खरं. दोष शोधणाऱ्याचं नाही. मात्र तिथे शिस्त लागते : गाडी बंद, १२ व्होल्टचा निगेटिव्ह सुटा, मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, मग इन्सुलेटेड हातमोजे घालून मीटरवर शून्य व्होल्ट बघायचं. तोवर हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात नाही. हे बघून-बघून येत नाही, शिकावं लागतं.

आणि डिझेल काही उद्या संपत नाही. फैजपूर-सावदा एवढ्याच फेऱ्या मारणारी बीएस-६ डिझेल गाडी घ्या. सायलेन्सरच्या वाटेवरच्या डीपीएफ फिल्टरमधली काजळी जाळायला सलग, वेगात चालणं लागतं, ते तिला मिळत नाही. जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहतो, जादा सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. स्कॅनर फक्त ‘फिल्टर चोंदला’ म्हणतो. कच्चा गडी तो साफ करून गाडी देतो आणि ती थोड्याच दिवसांत परत दारात. पक्का आधी डिपस्टिक ओढतो, मग गिऱ्हाइकाला विचारतो, गाडी रोज किती चालते? अशा माणसाला वर्कशॉपवाले सहजी सोडत नाहीत.

प्रवेशाचं थोडक्यात : मोटार मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिक, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. नंतर अप्रेंटिसशिप, किंवा पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला. ट्रेड प्रत्येक आयटीआयत नसतो, आधी चौकशी करा.

त्याआधी एक काम. जळगावच्या एखाद्या अधिकृत वर्कशॉपमध्ये त्याला सकाळी नऊला घेऊन जा. सेल्सवाल्यांकडे नको, सर्व्हिस मॅनेजरकडे. जॉब कार्ड फाडण्यापासून ट्रायलपर्यंत त्याला बघू द्या, तुम्ही बाहेर चहा घ्या. संध्याकाळी त्याला विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. जमिनीचा इसार अजून घेतला नसेल, तर घेऊ नका.