‘असावी’ कुठे गेली?

प्रश्न असा आहे: इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत घडून गेलेली घटना ‘येतो, उतरतो, पाहतो’ अशी लिहितात, ते व्याकरणात बसतं का?

बसतं. याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. बोलताना आपण सर्रास वापरतो: ‘काल मी जिना उतरतोय, तर समोर हा उभा!’ माझी तक्रार वेगळीच आहे.

पानिपत घ्या, १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. इथवर जुन्या लेखनाचा आधार आहे. आता हेच गोष्टीसारखं लिहू: ‘विश्वासराव कोसळतात. भाऊ हत्तीवरून उतरतात. घशाला कोरड पडते. ते घोड्यावर मांड टाकतात.’ वाचायला झकास, पण ती कोरड कोणी पाहिली? चारही वाक्यं एकाच सुरात आहेत. तिसरं लेखकाच्या पदरचं, हे वाचकाने ओळखायचं कशावरून?

खरं तर मराठीत त्याची सोय उत्तम आहे. ‘कोरड पडली असावी’ हा परिस्थितीवरून केलेला तर्क. ‘पडली असेल’ हा नुसता अंदाज. ‘पडली असणार’ म्हणजे पुरावा नाही, पण लिहिणाऱ्याची खात्री आहे. आणि ‘पडली म्हणे’ ही ऐकीव गोष्ट, सांगणारा हात झटकून मोकळा. (या ‘म्हणे’वर माझा भारी जीव आहे. दोन अक्षरांत केवढा बेरकीपणा!)

वर्तमानकाळात यांची पंचाईत होते. ‘कोरड पडत असावी’ म्हणता येतं, पण भाऊंचा घोडा तिथेच अडतो. मग लेखक ‘असावी’ गाळतो आणि तर्काची घटना होऊन बसते.

त्यापेक्षा आधार असलेलं वर्तमानात ठेवावं आणि तर्क भूतकाळात: ‘भाऊ हत्तीवरून उतरतात. घशाला कोरड पडली असावी. ते घोड्यावर मांड टाकतात.’ काळ बदलला तरी खटकत नाही, आणि वाचकाला नेमकी खूण मिळते. मात्र पानोपानी ‘असावी’ आली तर गोष्टीची पार रया जाते. तेव्हा काही तर्क सरळ गाळलेलेच बरे.

संवादांना ही मात्रा लागू पडत नाही. अवतरणचिन्हांत वाक्य घातलं की ते त्या माणसाचे शब्दच ठरतात, तिथे ‘असावी’ शिरायला फटच नसते. मूळ कागदात शब्द सापडले तरच अवतरण द्यावं. नाहीतर ‘मागे फिरा, असं काहीसं म्हणाले असावेत’ एवढ्यावर भागवावं.