तीन रात्री, जुगार न खेळणारा मित्र आणि लास वेगास

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये कॉलेजचा जुना मित्र भारतातून तीन रात्रींसाठी येतोय, तो जुगाराच्या वाटेला जात नाही, तुम्ही स्वतः लास वेगासला नवे आहात, तेव्हा त्याला दाखवायचं काय आणि कोणत्या क्रमानं. मी या गावात बरीच वर्षं राहतोय आणि पाहुण्यांना घेऊन फिरणं मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चिंता सोडा. जुगार न खेळणाऱ्याला हे गाव खेळणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण त्याची नजर टेबलावर अडकलेली नसते. घोळ होतो तो क्रमात. बहुतेक यजमान पहिल्याच दिवशी भर दुपारी स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, नेतात, एका दमात आठ-दहा हॉटेलं फिरवतात, आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्याला सगळी हॉटेलं एकसारखी दिसायला लागतात. माझं सांगणं असं की पहिल्या रात्री स्ट्रिप, दुसऱ्या सकाळी वाळवंट आणि मग जुनं गाव. एवढ्या कोरड्या जागी एवढा झगमगाट आला कुठून, हा प्रश्न वाळवंट पाहिल्याशिवाय पडत नाही, आणि त्याचं उत्तर जुन्या गावात मिळतं.

पहिल्या दिवशी त्याला दुपारी झोपू द्या आणि अंधार पडल्यावरच बाहेर काढा. दक्षिणेकडून या. वाटेत लास वेगासच्या स्वागताची ती प्रसिद्ध पाटी लागते, १९५९ सालची, बेटी विलिस यांनी केलेली. समोरून फोटो काढायला रांग असते. पाहुण्याची फारच हौस असेल तर थांबा, नाहीतर गाडीतूनही छान दिसते. पहिला खरा थांबा बेलाजिओ हॉटेल. समोरच्या तळ्यातली कारंजी संध्याकाळनंतर साधारण दर पंधरा मिनिटांनी सुरू होतात. अगदी मध्ये गर्दीत घुसण्यापेक्षा कडेला, कठड्याला टेकून उभे राहा आणि निदान तीन वेळा बघा, कारण प्रत्येक वेळी संगीत वेगळं आणि पाण्याची चालही वेगळी. सर्वांत उंच फवारे दाबाखालच्या हवेनं उडतात; ते सुटताना तोफेसारखा धडाका होतो आणि तो छातीत जाणवतो. एक झुळूक आली की तुषार थेट चेहऱ्यावर. व्हिडिओत यातलं काहीच येत नाही, म्हणून पहिल्या खेपेला मित्राला फोन खिशातच ठेवायला सांगा.

तो हमखास विचारेल की वाळवंटात पाण्याची ही उधळपट्टी कशी चालते. हे पाणी तिथल्याच खाजगी विहिरीचं. पूर्वी त्या जागी ड्यून्स नावाचं हॉटेल होतं, त्याच्या गोल्फच्या मैदानाला ही विहीर पाणी पुरवायची. ड्यून्स १९९३ साली सुरुंगानं पाडलं आणि १९९८ साली तिथं बेलाजिओ उघडलं. गोल्फच्या हिरवळीपेक्षा तळ्याला पाणी कमी लागतं. बाकी शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, आणि घरांत-हॉटेलांत नळातून वाहिलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत लेक मीडमध्ये, म्हणजे याच नदीवरच्या हूवर धरणाच्या जलाशयात, सोडलं जातं. या गावाबद्दल मला सर्वांत जास्त अभिमान कशाचा असेल तर याचा.

आत गेलात की लॉबीचं छत बघा. काचेची सुमारे २,००० फुलं तिथं आहेत, काचकलावंत डेल चिहुली यांची. पुढे फुलांचा बगीचा आहे, ऋतूप्रमाणे त्याची मांडणी बदलते. दोन्ही फुकट. तिथून उत्तरेकडे चालत सीझर्स पॅलेस, १९६६ सालचं. त्यातल्या बाजारपेठेच्या छतावर रंगवलेलं आकाश संध्याकाळसारखं उजळतं आणि मावळतं. रस्ता ओलांडून हाय रोलर हा मोठा पाळणा आहे, १६८ मीटर उंच. एक फेरी अर्ध्या तासाची. एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर ते इथं करा, कारण स्ट्रिपचा सगळा पसारा आणि शेजारचा स्फिअर, म्हणजे चेंडूसारखं गोल प्रेक्षागृह, एकदम दिसतो. स्फिअर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, ११२ मीटर उंच आणि १५७ मीटर रुंद. त्याचं बाहेरचं कवच हाच एक अवाढव्य पडदा आहे, आणि तो थोडं लांबून जास्त छान दिसतो. आतल्या खेळाची तिकिटं महाग असतात. संगीताची ओढ असेल तरच काढा. व्हेनेशियन हॉटेलचे कालवे आणि नावा वाटेवरच आहेत, पायात बळ उरलं असेल तर आत एक चक्कर मारा.

एवढं पहिल्या रात्रीला पुरे. नकाशावर शेजारी दिसणारी हॉटेलं प्रत्यक्षात चांगलीच लांब असतात. रस्ता ओलांडायला जागोजागी पूल आहेत, त्यांवर फोटोसाठी थांबू नका. काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनानं, २०२४ मध्ये पुलांवर थांबायला बंदी केली आहे. पंखांचे मुकुट घातलेल्या मुली किंवा सोंगं घेतलेली माणसं फोटोला बोलावतात, नंतर पैसे मागतात, हे मित्राला आधीच सांगून ठेवा. 'फुकट शोची तिकिटं' म्हणून थांबवणारे बहुधा टाइमशेअर, म्हणजे सुटीच्या घरातला ठरावीक दिवसांचा वाटा, विकणारे असतात. त्यांत अर्धा दिवस जातो.

आता कॅसिनो. तो खेळत नसला तरी त्याला आत न्या आणि हे यंत्र चालतं कसं ते दाखवा. मला विचाराल तर इथलं सर्वांत मोठं आकर्षण हेच. रेस्टॉरंट, थिएटर, पार्किंग, खोलीकडे जाणारी लिफ्ट, कुठेही जा, वाट जुगाराच्या मशीनच्या रांगांमधूनच. बाहेर फुकट दाखवलेली प्रत्येक गोष्ट माणसाला या रांगांपर्यंत आणण्यासाठी आहे. तरी स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नात जुगाराचा वाटा आता निम्म्याहून कमी आहे. उरलेलं खोल्या, जेवण आणि कार्यक्रमांतून येतं.

त्याला एकदा रूलेटच्या टेबलामागे उभं करून चाक दाखवा. १ ते ३६ आकडे, शिवाय ० आणि ००. घरं ३८, पण एका आकड्यावर लावलेले पैसे लागले तर बक्षीस ३५ पट. या फरकातून लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी ५.२६ डॉलर कॅसिनोकडे राहतात. स्ट्रिपवर आता तीन शून्यांची टेबलंही बरीच झाली आहेत, तिथं हाच आकडा ७.६९ होतो, एकाच शून्याच्या चाकावर तो २.७०. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचा दर टेबलावरच छापलेला असतो. '३ ला २' असेल तर १० डॉलरवर ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाल्यावर, १५ मिळतात, '६ ला ५' असेल तर १२च. गर्दीच्या टेबलांवर बहुधा दुसरा प्रकार दिसतो, आणि बसणारे बरेच जण पाटी न वाचताच बसतात. त्याचं मला फार वाईट वाटतं.

हौस म्हणून बसलाच, तर किती हरायचं ते आधी ठरवा, तेवढीच रोकड जवळ ठेवा आणि कार्ड घरी. नोट डीलरच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. डीलर ती वरच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरतो आणि मग चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, पुढे सरकवतो. रूलेटला प्रत्येकाच्या चिप्सचा रंग वेगळा. त्या त्याच टेबलावर चालतात, उठताना तिथंच बदलून घ्या. डीलरनं टेबलावरून हात फिरवून आता पुरे असं सांगितलं की चिप्सना हात लावायचा नाही. खेळताना पेयं फुकट मिळतात, पण आणणाऱ्या बाईंना दरवेळी एक-दोन डॉलर द्याच. दिवसभर ट्रे घेऊन उभं राहणाऱ्या या लोकांच्या जिवावर हे गाव चालतं. वय २१ पूर्ण हवं आणि पासपोर्ट जवळ हवा. स्लॉट मशीनवर मोठी रक्कम लागली तर परदेशी पाहुण्याला ती ३० टक्के कर कापूनच मिळते. ब्लॅकजॅक आणि रूलेटला ही कपात नाही.

दुसऱ्या दिवशी तो वेळेच्या फरकामुळे पहाटेच जागा होईल, त्याचा फायदा घ्या आणि रेड रॉक कॅन्यनला न्या. स्ट्रिपपासून साधारण २७ किलोमीटर. आतला एकेरी रस्ता सुमारे २१ किलोमीटरचा आहे. कॅलिको हिल्सपाशी उतरा आणि त्याला लाल खडकावर हात ठेवायला सांगा. बोटांना वाळू लागते, कारण हा खडक म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्याच, घट्ट झालेल्या. तिरक्या रेघा दिसतात ते वाऱ्यानं रचलेले थर. मग वर बघा: लाल खडकाच्या डोक्यावर करडा चुनखडक बसलाय, आणि तो वरचा खडक खालच्याहून कितीतरी कोटी वर्षं जुना आहे. जमिनीच्या रेट्यानं जुना थर नव्यावर चढला. मला तरी हे स्ट्रिपवरच्या कुठल्याही देखाव्यापेक्षा थरारक वाटतं. प्रत्येकी निदान दोन लिटर पाणी घ्या, ऑक्टोबरातही. उन्हाळ्यात तर हा बेत करूच नये. ७ जुलै २०२४ ला इथं ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं.

दुपारी विश्रांती आणि रात्री जुन्या गावातला फ्रीमाँट स्ट्रीट. हे गाव १९०५ साली रेल्वेनं जमिनींचा लिलाव केला तेव्हा सुरू झालं, आणि जुनं रेल्वे स्टेशन होतं तिथं आज प्लाझा हॉटेल आहे. समोर गोल्डन गेट हॉटेल, १९०६ सालचं. पुढे एल कोर्टेझ, १९४१ सालचं. रस्त्यावरचं प्रकाशाचं छत १९९५ सालचं. आवाज फार असतो, तासाभरात कान थकतात, म्हणून अंधार पडायच्या वेळी आधी निऑन म्युझियम बघून मग इथं या. मोडीत निघालेल्या हॉटेलांच्या पाट्या तिथं उघड्यावर मांडल्या आहेत आणि त्या संधिप्रकाशात बघायला हव्यात. त्या वेळेची तिकिटं आधी संपतात. इतिहासाची गोडी असेल तर मॉब म्युझियमला, म्हणजे गुन्हेगारी टोळ्यांच्या संग्रहालयाला, तीन तास द्या. १९३३ सालच्या टपाल कचेरीच्या आणि न्यायालयाच्या इमारतीत ते आहे, आणि संघटित गुन्हेगारीवरची अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीची १९५० सालची इथली सुनावणी त्याच न्यायदालनात झाली होती.

आणखी एक गोष्ट मित्राला जरूर सांगा, कारण झगमगाटात ती कुणी सांगत नाही. १९५० च्या दशकात सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलाकार स्ट्रिपवर गायचे, पण त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळायची नाही. रात्री त्यांना वेस्टसाइड वस्तीत परतावं लागे. १९५५ साली तिथं मुलँ रूज हे सर्वांना खुलं असलेलं पहिलं हॉटेल-कॅसिनो उघडलं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. स्ट्रिपची दारं उघडली ती मार्च १९६० मधल्या समझोत्यानं, कृष्णवर्णीयांनी मोर्चाचा इशारा दिल्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी हूवर धरण. नेवाडानं जुगार कायदेशीर केला तो १९३१ मध्ये, आणि धरणाचं काम सुरू झालं तेही त्याच वर्षी. कामगारांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीत जुगाराला बंदी होती, अजूनही आहे. मग पगार झाला की माणसं लास वेगासकडे वळत. धरणाची उंची २२१ मीटर. शेजारच्या २०१० सालच्या पुलावर पायी जाता येतं, तिथून धरण समोर दिसतं. खडकांवरचा पांढरा पट्टा दाखवा, लेक मीडचं पाणी कुठपर्यंत होतं ते कळतं. रात्री एखादा चांगला कार्यक्रम, आणि माझी निवड बेलाजिओतलाच सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा 'ओ'. रंगमंचाच्या जागी लाखो लिटर पाण्याचा हौद आहे, आणि आता ज्या जागेवर कलाकार चालत होता तिथंच दुसरा उंचावरून सूर मारतो.

जाण्यायेण्याचं सांगायचं तर ड्यूस ही बस स्ट्रिपवरून जुन्या गावापर्यंत चोवीस तास धावते. मोनोरेल हॉटेलांच्या पाठीमागून जाते आणि विमानतळाला जात नाही. तो तुमच्याकडेच उतरणार असेल तर हॉटेलांची रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीभाड्यावर रोज पडणारा जादा आकार, वाचली. पार्किंगचे पैसे मात्र बऱ्याच ठिकाणी पडतात. जुन्या याद्यांवर विसंबू नका: मिराज हॉटेल आणि त्याचा कृत्रिम ज्वालामुखी जुलै २०२४ मध्ये बंद झाला, ट्रॉपिकाना हॉटेल त्याच वर्षी ऑक्टोबरात पाडलं.

गांजाची दुकानं उघड दिसतील. राज्याच्या कायद्यानं ती वैध आहेत, पण केंद्राच्या कायद्यानं गांजा अवैधच आहे. व्हिसावर आलेल्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये, हे त्याला स्पष्ट सांगा.

रेड रॉकसाठी १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात वेळेचं आरक्षण लागतं आणि सकाळच्या वेळा आधी भरतात, तेव्हा तारखा नक्की झाल्या की ते पहिल्यांदा करा. निऑन म्युझियम आणि 'ओ' ची तिकिटं त्यानंतर.