कतारमधून गावच्या घरासाठी नवी पिकअप घ्यायची आहे, बजेट साडेसात लाख. कोणती घ्यावी आणि कुणाच्या नावावर?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोह्यात नोकरीला आहात, गुहागर तालुक्यात वडील आणि धाकटा भाऊ आंबा-काजूची बाग बघतात, आणि साडेसात लाखांत त्यांच्यासाठी नवी पिकअप घ्यायची आहे. जमलं तर तिकडे दिसते तशी हायलक्स. मी मस्कतला असताना भावासाठी गावी नवी गाडी घेतली होती. ती अजून रोज बागेत जाते. आता मी इकडेच असतो आणि वाडीतली आखातातली मुलं गाडीच्या कागदांसाठी मला विचारतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हायलक्सचा विचार सोडा. आखातात ती साध्या एका केबिनची कष्टाची गाडी म्हणून मिळते. भारतात ती 2022 मध्ये आली ती चार दारांची आणि फोर बाय फोर, किंमत तिसेक लाखांच्या घरात. तिकडची वापरलेली गाडी बोटीतून आणू असं मनात असेल तर तेही होणार नाही. तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे आणि आपल्याकडे आयात होणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. वर आयात शुल्क आहेच.

आता मुख्य गोष्ट. गाडी भावाच्या नावावर घ्या, तुमच्या नावावर नको. पैसे तुमचे असले तरी. बहुतेकांना हे पटत नाही, कारण घाम आपण गाळलेला असतो आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आपलं नाव असावं असं वाटणं साहजिक आहे. पण मालवाहू गाडीच्या बाबतीत आरसीवरचं नाव म्हणजे जबाबदारी. अपघात झाला की नोटीस नोंदणीकृत मालकाला जाते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय की गाडी विकून टाकली असली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक. चलनाचे मेसेज, विम्याचं नूतनीकरण, फिटनेसची तारीख, सगळं त्या नावाला आणि त्या मोबाइल नंबरला चिकटलेलं असतं. तुम्ही दोह्यात ड्युटीवर आणि ओटीपी आलाय गुहागरच्या सिमवर, अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालते.

त्याहून मोठं कारण विम्याचं आहे. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळतो कुणाला? जो नोंदणीकृत मालक आहे, ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि जो गाडी चालवत होता, त्याला. गाडी तुमच्या नावावर आणि स्टिअरिंगवर भाऊ असेल तर त्या 15 लाखांवर भावाचा हक्क नाही. थर्ड पार्टी विमा तर नावाप्रमाणेच तिसऱ्या माणसासाठी असतो. म्हणजे घाटात रोज उतरणारा माणूस उघडा राहतो आणि ज्याला त्या विम्याचा कधी उपयोग होणार नाही त्याच्या नावावर हप्ता भरला जातो. गाडी भावाच्या नावावर घेतलीत की हा प्रश्नच उरत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याच्यासाठीचं वेगळं कलम थोड्या पैशांत पॉलिसीत घालून मिळतं. ते मागून घ्या, एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

आयकराच्या दृष्टीनंही हेच सोपं. भावाला किंवा वडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही. बायकोच्या नावावर गाडी घेतली आणि ती भाड्यानं चालवली, तर ते उत्पन्न तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. भावाच्या बाबतीत तसं होत नाही. भाऊ भाडी मारणार असेल तर लहान मालवाहू गाडीसाठी दरमहा 7,500 रुपये उत्पन्न धरून कर भरायची सोय कायद्यात आहे, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. रिटर्न भरत गेला तर पुढे बँकेत त्याचीच पत तयार होते.

पैसे तुमच्या एनआरई खात्यातून (परदेशातली कमाई ठेवायचं खातं) भावाच्या खात्यात टाका आणि तिथून डीलरच्या कंपनी खात्यात आरटीजीएस करा. सेल्समनच्या स्वतःच्या नंबरवर बुकिंगचे पाच हजारसुद्धा टाकू नका. रोखीचा विचार करू नका, 2 लाख किंवा त्यापुढची रोकड घ्यायला डीलरला कायद्यानंच मनाई आहे. काही कारणानं तुमच्याच नावावर घ्यायची झाली, तर भावाला मुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते दोह्यातल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवायचं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. अनेकांचं ते कपाटात पडून राहतं आणि मुदत निघून जाते.

कर्जाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण साडेसात लाख म्हणजे सगळे रोख की काही हप्त्यानं, हे आधी ठरवा. 5 लाख 11 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 10,870 रुपये येतो आणि व्याजापोटी दीड लाख जातात. बागेचं उत्पन्न मार्च ते मे. मासळीची भाडी करायची म्हटली तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पावसाळ्यात चिरेखाणीही, म्हणजे जांभा दगडाच्या खाणी, बंद. हप्ता मात्र आषाढातही येतो. कर्ज काढायचंच असेल तर ते इतकंच काढा की रिकाम्या महिन्यांचा हप्ता तुम्ही तिकडून पाठवू शकाल. भावानं तो भाड्यातून भागवावा अशी अपेक्षा ठेवलीत, तर जास्त माल भरून दामटायची सवय तिथूनच लागते.

गाडी कोणती हे ब्रोशर बघून ठरवू नका, माल बघून ठरवा. आंब्याचा भरलेला क्रेट वीसेक किलोचा, म्हणजे 750 किलो पासिंगच्या (तेवढाच माल न्यायची परवानगी असलेल्या) गाडीत पस्तीस-सदतीस क्रेट नियमात बसतात. सिमेंटच्या पंधरा गोण्या. आणि चिरा? एक चिरा तीसेक किलो, म्हणजे पंचवीस चिरे झाले की गाडी भरली. घराचं काम काढणार असाल तर या पंचवीस चिऱ्यांचा विचार नक्की करा, कारण लहान गाडीवर साठ चिरे लादून चढ चढवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पाटे बसतात, क्लच जातो, आणि उतारावर ब्रेक लागेनासे होतात. माझं मत असं, की घरात बांधकाम चालू असेल त्या वर्षी चिरे-वाळू भाड्याच्या डंपरनं आणा. त्या दोन महिन्यांच्या कामासाठी दहा वर्षं वापरायची गाडी मोठी घेऊ नये.

साडेसात लाखांत ऑन-रोड, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरून, बसणाऱ्या गाड्या मोजक्याच. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2005 पासून आहे. तिची एस प्रो जून 2025 मध्ये 3.99 लाख एक्स-शोरूमपासून आली, 750 किलोची. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोलमध्ये 740 किलो घेते आणि सीएनजीमध्ये 625, कारण टाकीचं वजन मालातून वजा होतं. महिंद्राच्या जीतो आणि सुप्रो आहेत. टाटा इंट्रा व्ही10 आणि व्ही20 टनाच्या आहेत. व्ही20 पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालते. बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त, महिंद्रा वीरो या त्याच्या वरच्या पायरीवर. वीरो सप्टेंबर 2024 मध्ये आली तेव्हाच 7.99 लाखांपासून सुरू होती. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरून चालू नका, ताजं कोटेशन मागवा. कोटेशनमध्ये एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा आणि ‘इतर’ असे आकडे वेगवेगळे लिहून मागा. ‘इतर’मध्ये काय आहे हे विचारलं की बऱ्याचदा तो आकडा खाली येतो.

तुमच्यासारख्या बागायतदार घराला मी टनाच्या आसपासची गाडी सुचवेन. घरचा आंबा, खत, काजूच्या गोण्या, कधी शेजाऱ्याचं सामान, एवढ्याला ती पुरते आणि आठवड्यातून एकदा चिपळूणच्या बाजारालाही सहज जाऊन येते. 750 किलोवाली स्वस्त पडते, पण ऐन हंगामात दोन फेऱ्या होतात आणि दुसऱ्या फेरीच्या कंटाळ्यानं जास्त माल भरला जातो. बोलेरो पिकअपबद्दल आपल्याकडे फार प्रेम आहे आणि ते रास्त आहे, घाटात ती दमत नाही. पण तुमच्या वाडीच्या रस्त्यातून ती वळते का, हे भावाला आधी बघायला सांगा. गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून जाणारी वाट आणि अंगणात वळायची जागा टेप लावून मोजायची. फेरीबोटीनं तवसाळहून जयगडला जाणं-येणं असेल तर जेट्टीच्या उतारावरही तिचं सोंड-शेपूट कसं सांभाळायचं ते चालवणाऱ्यालाच कळतं.

चाचणी घेताना रिकामी गाडी हायवेला फिरवून काही कळत नाही. डीलरला सांगा, पाच-सहाशे किलो वजन टाकून आमच्या वाडीचा चढ चढवून दाखवा. तुमच्याकडच्या बऱ्याच वाड्या सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, खाली खाडीकडे उतरलेल्या आहेत. भरलेली गाडी चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलता आली पाहिजे. सीएनजी घ्यायची तर पंप किती लांब आहे आणि तिथे रांग किती लागते ते बघा. डिझेल घ्यायची तर लक्षात ठेवा, 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी यंत्रणा असते. नुसती बाग ते घर, घर ते बाग अशी दोन-दोन किलोमीटर चालवली तर ती तुंबते. अधूनमधून चिपळूणपर्यंत मोकळी पळवावी लागते. रोजचा वापर अगदीच जवळचा असेल तर पेट्रोल बरी.

कागदांचं म्हणाल तर घरची बाग असली तरी गाडी मालवाहूच नोंदवली जाते, पिवळ्या पाटीची, एमएच-08. गाडी अधिक माल मिळून एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. मॉडेल निवडताना हा आकडा बघाच. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचं मिळतं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. भावाकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स असेल तर तेवढं पुरतं, 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी वेगळा बॅज नको, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं. त्याची मुदत संपलेली नाही ना, एवढं बघा.

एक गोष्ट भावाला फोनवर नव्हे, समोर बसवून सांगा. गणपतीत आणि शिमग्यात हौद्यात माणसं भरायची नाहीत. भजन मंडळी असो, वऱ्हाड असो, पालखीला निघालेली वाडी असो. मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या माणसांचा विमा नसतो. काही झालं तर कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या घरादारावर येते. गावात नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. ज्यांच्याशी रोजचे संबंध असतात त्यांनाच नाही म्हणायचं असतं. त्यासाठी तुम्ही स्वतःकडे वाईटपणा घ्या. ‘दादानं सक्त मनाई केलीय’ असं म्हणायची मुभा भावाला द्या, त्याला फार सोपं जाईल.

घ्यायची वेळ दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. म्हणजे हात बसायला महिना-दोन महिने मिळतात आणि आंब्याला गाडी तयार असते. डिसेंबरात घेतलीत तर सूट चांगली मिळते, फक्त गाडी कोणत्या महिन्यात बनली ते फॉर्म 22 वर, म्हणजे गाडीबरोबर येणाऱ्या कंपनीच्या दाखल्यावर, बघा. डिलिव्हरीच्या दिवशी भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि चॅसिस नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून घ्या. हौदा कंपनीचाच ठेवा. बाहेरून फळ्या उंच करून घेतल्या तर पासिंगला अडवतात.

आणि गंज. आपल्याकडे गाडी इंजिनानं कमी आणि पत्र्यानं जास्त मरते. पहिल्या पावसाच्या आत खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या, चॅसिसच्या पोकळ भागात आतूनही. मासळी वाहिली तर बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांत उतरतं, त्याच संध्याकाळी फाळका उघडून गोड्या पाण्यानं धुवायची. मासळी नियमित वाहायचा विचार असेल तर बंद पेट्या वापरा, खारं पाणी हौद्यात सांडायलाच नको. भावाला आत्ताच विचारा की वर्षभरात नक्की काय-काय वाहायचं आहे आणि चढ कुठला आहे. ते इथे लिहिलंत तर दोन मॉडेलांतलं एक निवडायला मी मदत करेन.