ॲडमिशन कुठे मिळेल हे शेवटी बघा

प्रश्न : माझी मुलगी २०२३ मध्ये पुण्यातूनच बी.ई. मेकॅनिकल झाली. सीजीपीए ७.९. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) केटी लागली होती, म्हणजे नापास विषय पुढे न्यावा लागला, ती नंतर सुटली. दोन वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. आता परदेशी मास्टर्स करायचं म्हणते. माझा भाचा २०१८ मध्ये कॅनडाला गेला, त्याला पीआर (कायम राहायचा परवाना) लवकर मिळाला, म्हणून तो कॅनडाच म्हणतो. डेक्कनवरचा कन्सल्टंट इंग्लंडचं एक वर्षाचं एमएस्सी किंवा जर्मनीतलं खासगी विद्यापीठ सुचवतो, ७.९ वर जर्मनीतलं सरकारी मिळणार नाही, असं तो म्हणाला. हाताशी १८ लाख आहेत, धनकवडीचा राहता फ्लॅट तारण ठेवायची तयारी आहे. हे दोन वर्षांनी रिटायर होतात. कुठला देश निवडावा? पीआर कुठे लवकर? मुलगी २४ ची आहे, लग्नाचंही बघावं लागेल. आणि केटीमुळे अडेल का? — एक आई, धनकवडी

उत्तर : ताई, आधी फ्लॅटचं बोलू. त्याला हात न लावता मुलीला जाता येईल असा रस्ता आहे, मग रिटायरमेंट तोंडावर असताना राहतं घर बँकेकडे कशाला ठेवायचं? शिवाय तुमच्या भागातलं बांधकाम गुंठेवारीतलं असेल तर बँका तारण म्हणून ते सहसा घेतही नाहीत. इंडेक्स टू, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला हातात नसेल तर तो विषय तसाही लांबतो.

घरोघरी चर्चा सुरू होते ती ॲडमिशन कुठे मिळेल इथून. पैसे भरणाऱ्याला ॲडमिशन बऱ्याच ठिकाणी मिळते. हिशोब उलट्या टोकाकडून मांडा. कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला किती महिने राहू देतात? तेवढ्या काळात मेकॅनिकलवाल्याला कोण घेतं? मुलाखत कुठल्या भाषेत होते? आणि कामाच्या व्हिसाला पगार किती लागतो?

इंग्लंड इथेच अडतं. शिक्षणानंतर दोन वर्षं राहू देणारा ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच आहे, आणि तुमची मुलगी त्यातच येणार. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून साधारण ४१,७०० पौंड वार्षिक पगार लागतो. नुकतंच शिक्षण संपलेल्यांना सवलतीत ३३,४००. नव्या मेकॅनिकल इंजिनिअरला पहिली ऑफर याच्याही खाली येते, असं पुष्कळदा होतं. त्यात कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस नेमायचा सरकारी परवाना हवा. सगळं धरून ३५ ते ४० लाख रुपये एका वर्षात संपतात आणि सप्टेंबरमध्ये पोचलेल्या मुलीला जानेवारीत नोकरीचे अर्ज टाकायला बसावं लागतं. फ्लॅटचं कर्ज डोक्यावर असताना हे मी सुचवणार नाही.

भाच्याचं म्हणणं खोटं नाही, जुनं आहे. २०१९ च्या सुमारास एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या कॅनडाच्या योजनेत, ४६० च्या आसपास गुण असले की बोलावणं यायचं. २०२५ मध्ये कॅनडातल्या अनुभवावरच्या फेऱ्या ५१० ते ५५० च्या दरम्यान निघाल्या, आणि जॉब ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ पासून बंद झाले. झटपट व्हिसा देणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्येच गुंडाळली. फी सोडून खर्चासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. जमेची बाजू एकच पण मोठी: मास्टर्सनंतर तीन वर्षांचं वर्क परमिट. मुलीला फ्रेंच येत असती तर मी कॅनडा पहिल्या क्रमांकावर लिहिलं असतं, कारण फ्रेंचवाल्यांच्या वेगळ्या फेऱ्या बऱ्याच कमी गुणांवर निघतात. शून्यापासून फ्रेंच शिकायची आणि वर फीही भरायची, त्यापेक्षा तेच कष्ट दुसऱ्या भाषेवर घेतलेले बरे.

ती भाषा जर्मन. तुमच्या मुलीसाठी माझं उत्तर जर्मनी, आणि तेही सरकारी विद्यापीठ.

७.९ चं गणित कन्सल्टंटने मांडून दाखवलं नसेल, आपण मांडू. जर्मनीत गुण उलटे चालतात: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. रूपांतर बव्हेरियन सूत्राने होतं. १० मधून ७.९ गेले, राहिले २.१. १० मधून पासचा किमान ग्रेड ४ गेला, राहिले ६. २.१ भागिले ६ म्हणजे ०.३५, गुणिले ३ म्हणजे १.०५, त्यात १ मिळवला की २.०५. बऱ्याच मास्टर्सची अट २.५ ची असते, म्हणजे ती आत बसते. मात्र कुणी पासचा ग्रेड ५ धरला तर हाच आकडा २.२६ होतो. म्हणून विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट घेताना त्यावर ग्रेडचा तक्ता आणि किमान पास ग्रेड छापलेला आहे ना, हे खिडकीवरच तपासून घ्या. सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, हेही लक्षात ठेवलंत तर कन्सल्टंटचा सल्ला समजायला सोपा जाईल.

अर्ज फेटाळले जातात ते गुणांपेक्षा विषयांमुळे. गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स यांचे ठरावीक क्रेडिट विद्यापीठ मोजतं, आणि 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-थ्री' एवढ्या नावावरून त्यांना काही कळत नाही. आठही सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ काढून विषयागणिक तास, क्रेडिट आणि चार ओळींत मजकूर असा तक्ता तिने स्वतः बनवावा. दोन शनिवार-रविवारचं काम आहे, पण इथेच मुलं आळस करतात.

फी बहुतेक राज्यांत नाही. दर सेमिस्टरला साधारण १५० ते ३५० युरो वर्गणी असते. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूहकडे, युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टीयूने (तांत्रिक विद्यापीठाने) २०२४ पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४ ते ६ हजार युरो लावले आहेत. नावामागे न धावता मागदेबुर्ग, केम्निट्स, इल्मेनाऊ अशी गावं बघा, खोलीभाड्यातच मोठा फरक पडतो.

आता पैसा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, त्यातून महिन्याला ९९२ परत मिळतात. युरो शंभर रुपये धरला तर १२ लाख. परवाना वाढवताना दुसऱ्या वर्षाचीही सोय दाखवावी लागते, हे घरी कुणी सांगत नाही. दोन वर्षांचे २४ लाख, त्यात वर्गणी, तिकीट, खोलीचं डिपॉझिट, एपीएसचे (भारतीय गुणपत्रिका तपासून मिळणारं प्रमाणपत्र) १८,००० रुपये, अर्जांचे पैसे (विद्यापीठांसाठी अर्ज गोळा करणाऱ्या युनि-असिस्टला पहिला अर्ज ७५ युरो, पुढचा प्रत्येक ३०) मिळवले की २६ ते २७ लाख. तुमचे १८ आणि साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज. एवढ्या रकमेपर्यंत सरकारी बँका सहसा तारण न मागता जामीनदारावर भागवतात. उरलेलं दुसऱ्या वर्षी तिच्या कामातून निघतं: विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि किमान वेतन २०२६ मध्ये ताशी १३.९० युरो आहे. पहिल्या सहा महिन्यांत मात्र या कमाईवर एक रुपयाही धरू नका.

बँकेत एक अडचण हमखास येते. कर्ज मंजूर करणाऱ्याला फीचा तक्ता हवा असतो, आणि इथे फीच नाही. ब्लॉक्ड अकाउंटला थेट पैसे पाठवता का, हे मंजुरीपूर्वी लेखी विचारा. नाही म्हणाले तर दुसरी शाखा किंवा दुसरी बँक. स्वतःचे पैसे एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. ज्यांच्या पॅनवर कापला त्यांच्या रिटर्नमध्ये तो वळता होतो.

भाषेचं मात्र मी जरा सक्तीनेच सांगणार. इंग्रजी माध्यमाचं मास्टर्स मिळतं, म्हणून मुलं जर्मनशिवाय जातात, कोर्स पूर्ण करतात आणि नोकरी शोधायच्या १८ महिन्यांत तशीच बसून राहतात. आयटीवाल्याचं इंग्रजीत निभावतं. मेकॅनिकलमध्ये पुरवठादार, वर्कशॉप, सेफ्टीची कागदपत्रं सगळं जर्मनमध्ये. जाहिरातीत बहुधा बी-टू मागतात (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात). विमानात बसताना बी-वन हातात असेल तरच दोन वर्षांत बी-टू होतं. बी-वनपर्यंत साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. मॅक्सम्युलर भवनचा वर्ग बोट क्लब रोडला, रानडे इन्स्टिट्यूटचा एफसी रोडला. चाकणहून धनकवडीला यायलाच जिथे रात्रीचे आठ वाजतात तिथे आठवड्याचे पाच दिवस वर्ग जमणार नाही, त्यामुळे वीकेंडचा किंवा ऑनलाइन वर्ग धरा. परीक्षा गोएथेची, म्हणजे मॅक्सम्युलर भवनचीच द्या. अट अशी ठेवा: पुढच्या ऑक्टोबरला जायचं तर यंदाच्या डिसेंबरपर्यंत ए-टू पास. नाही झाली तर जाणं एक सत्र पुढे ढकला. नोकरी सुरू आहे, पगार साठतोय, नुकसान काही नाही.

विषय निवडताना 'ऑटोमोटिव्ह' शब्दाला भुलू नका. चाकणच्या अनुभवामुळे ती नेमकी तिकडेच ओढली जाईल. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या ३५,००० जागा २०३० पर्यंत कमी करायचं ठरवलं, सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२८ पर्यंत १४,००० पर्यंत. तिचं कॅड (संगणकावरचं डिझाइन) आणि टॉलरन्सचं (मापांतल्या चालणाऱ्या फरकाचं) काम ऑटोमेशन, रेल्वे, वैद्यकीय उपकरणं, ऊर्जा, इमारतींच्या हीटिंग-कूलिंगमध्येही चालतं. कोर्सच्या रचनेत सक्तीची इंटर्नशिप असेल तर ते दिवस १४० मध्ये धरत नाहीत; असा कोर्स मिळाला तर सोडू नका.

पीआरचं. २०२५ मध्ये ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यासाठी, इंजिनिअर आणि नव्या पदवीधरांना ४३,७५९.८० युरो वार्षिक पगार लागत होता. दर जानेवारीला तो वाढतो, तरी मास्टर्स झालेल्याची पहिली मेकॅनिकल नोकरी बहुधा त्याच्या वर असते. ब्लू कार्डवर २१ महिने काम आणि बी-वन असेल तर कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. नुसती ए-वन असेल तर २७ महिने. लग्नाचंही यातच येतं: ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे गेल्यागेल्या काम करता येतं. त्यामुळे जायच्या आधी घाईने लग्न उरकायचं काही कारण नाही. नागरिकत्व घ्यायचं झालं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, तो निर्णय तिचा तिला पुढे घेऊ द्या.

बाकीचे देश थोडक्यात. अमेरिकेत शिक्षणानंतर तीन वर्षं काम करता येतं, पण पुढे एचवन-बी या कामाच्या व्हिसाच्या ८५,००० जागांसाठी निवड. शिवाय संरक्षण आणि एरोस्पेसमधली पुष्कळ कामं निर्यात-नियमांमुळे परदेशी माणसाला देतच नाहीत. ऑस्ट्रेलियाची व्हिसा फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर, नाकारला तरी परत नाही. जपान मला मेकॅनिकलसाठी खरंच आवडतं आणि पुण्यात जपानी शिकायची सोय उत्तम आहे, पण एन-टू या जपानी परीक्षेच्या पातळीपर्यंतचा पल्ला जर्मन बी-वनपेक्षा बराच लांबचा आहे.

क्रम असा ठेवा. या महिन्यात ए-वनचा प्रवेश आणि ट्रान्सक्रिप्टचा अर्ज. ती आली की लगेच एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला ते लागतंच आणि कधीकधी दोन-तीन महिने घेतं. आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा जानेवारीच्या आत. अर्ज फेब्रुवारी ते मे. १५ जुलै ही सर्वसाधारण तारीख असली तरी परदेशी मुलांसाठी अनेक कोर्स मार्च ते मेमध्येच बंद होतात. सात-आठ अर्ज पुरेत. पत्र आल्याच्या दिवशी खोली शोधायला लागायचं, व्हिसाची वाट बघत बसायचं नाही.

केटीने अडणार नाही. एपीएसला नापासाची आणि सुटल्याची अशा दोन्ही गुणपत्रिका लावा. नापासाची काढून ठेवली तर सेमिस्टरचा क्रम तुटतो, मग फाइल शंका काढून परत येते आणि तोवर मार्चची तारीख निघून जाते.