सोनं घेताना सराफ पॅन आणि आधार मागतो, ते द्यावं का?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या लग्नासाठी जळगावला सहा तोळे घ्यायला गेलात, पैसे रोख देत होतात, तरी सराफाने पॅन मागितलं, वर आधारही. पैसा आपला, मग ही झाडाझडती कशाला? मी इथल्याच एका पेढीत बिलं आणि हिशेब बघतो, म्हणून गल्ल्याच्या या बाजूने सांगतो.

दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं, हे २०१६ पासूनचं आहे. पैसे रोख द्या नाहीतर चेकने. तेव्हा तोळा तीस हजारांच्या आसपास होता. आता मोजक्या तोळ्यांतच दोन लाख ओलांडतात. मर्यादा जागेवर राहिली, सोनं पळालं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं सराफच संशयी झाला.

रोखीचं वेगळं. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड, तोही घेणाऱ्याला. म्हणजे तुमचे सहा तोळे पॅन देऊनही पूर्ण रोखीत होणार नव्हतेच.

तिसरा पीएमएलए, काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा. डिसेंबर २०२० पासून, दहा लाख किंवा जास्त रोखीचे व्यवहार करणारे सराफ त्यात आले. एकरकमी असो की एकमेकांशी जोडलेले तुकडे. मग गिऱ्हाइकाची ओळख पटवायची, नोंदी पाच वर्षं ठेवायच्या, काही खटकलं तर दिल्लीच्या एफआययूला, म्हणजे संशयास्पद व्यवहारांची माहिती घेणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, कळवायचं. कळवलंय हे गिऱ्हाइकाला सांगायचंही नाही.

दोन लाखांची रोख घेताच येत नाही, तर दहा होतील कशा? तुकड्यांनीच. लग्नसराईत अमळनेरकडचे एक काका कापसाचे पैसे पिशवीत घेऊन आले. एक बिल माझ्या नावाने करा, एक बायकोच्या, एक शालकाच्या. शालक आलेलाच नव्हता, त्याच्या आधारचा फोटो फोनवर. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "भाऊ, आमले चोर समजतस का?" पैसा घामाचाच असणार, मला शंका नव्हती. पण तिन्ही बिलांचा माल एकाच डबीत जाणार असेल तर तो एकच सौदा. तासाभराने मुलाने बँकेतून आरटीजीएस केलं.

आणि ओळख पटवणं म्हणजे झेरॉक्स टाचून ठेवणं नव्हे. एकदा घाईत मी पॅनचा नंबर तेवढा उतरवून घेतला. संध्याकाळी कार्डाची झेरॉक्स नीट पाहिली तर जन्मसाल १९४१; समोर बसला होता तो माणूस फार तर चाळिशीचा. वारलेल्या वडिलांचं कार्ड होतं ते. बापलेकांची नावं उलटसुलट, आडनाव एक, नजरेतून सुटलं. बिल रद्द करून नव्याने केलं, मालकांची बोलणीही खाल्ली.

तुमच्यापुरतं: पॅन द्या. आधारच हवं असं नाही, ओळखीसाठी पासपोर्ट, लायसन्स, मतदार कार्डही चालतं. आधारच द्यायचं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढा, प्रतीवर तारीख आणि 'फक्त सोने खरेदीसाठी' असं पेनाने लिहून सही करा. आणि दोन लाखांच्या आतल्या रोख खरेदीलाही कुणी आधारचा आग्रह धरला, तर कोणत्या नियमाने, हे खुशाल विचारा.