अमळनेरकडच्या बोअरचं पाणी ठिबकच्या नळीवर पांढरं साठतं. केळीला चालेल का?

भाऊ, पांढरा थर बहुधा चुन्याचा. त्याने ड्रिपर चोंदतात, पण जमीन बिघडवतो सोडियम, आणि पाण्यातले एकूण क्षार मोजणारं टीडीएस मीटर तो वेगळा दाखवत नाही. म्हणून प्रयोगशाळेतून ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षार), एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचं कार्बोनेट-बायकार्बोनेट) तिन्ही काढून घ्याच. पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळा, काठोकाठ भरून लगेच पोचवा. ईसी ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत निर्धास्त राहा, २.२५ च्या वर केळी नकोच. आरएससी १.२५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या आत चांगला. २.५ च्या पुढे आपली काळी जमीन चोपण होत जाते: पाणी वर साचून राहतं, वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही. तिथे जिप्सम लागतं, किती ते अहवाल पाहूनच ठरवा. नमुना मे महिन्यात घ्या, तेव्हा क्षार सहसा जास्त असतात.